लेम्पीनं न पाहिलेला खेळ

लेम्पी सारेलानं आयुष्यात बर्फावरच्या हॉकीचा एकही सामना डोळ्यांनी पाहिला नाही. आमच्या खाणगावात असं म्हटलं तर लोक हसतात, कारण गावाच्या प्रत्येक सामन्याला ती हजर असायची. मात्र रिंकच्या बर्फाळ मैदानावर नव्हे, तर मेन स्ट्रीटच्या हार्डवेअर दुकानावरच्या खोलीत.

त्या खोलीत आमचं रेडिओ स्टेशन होतं. दुकानाचे मालक मिस्टर ओल्सन यांनी ते काढलं ते दुकानातले रेडिओ खपावेत म्हणून. रेडिओ घेऊन ऐकायचं काय, असं लोक विचारायला लागले तेव्हा त्यांनी शाळेच्या पोरांची हॉकी ऐकवायला सुरुवात केली. आठवडाभर हवामान, पोल्का नाचाची गाणी आणि गावात कोण वारलं ते असायचं. पण स्टेशनला त्याच्या नावानं कुणी ओळखलंच नाही. मंगळवारी सकाळी बटाट्याचा भाव ऐकायचा असला तरी बायका म्हणायच्या, "खेळ लाव गं."

शनिवारी दुपारी लुडी झुपान रिंकच्या माळ्यावर समालोचन करायला माइकसमोर बसे आणि लेम्पी खोलीत यंत्रासमोर. एका तारेवरून लुडीचा आवाज यायचा. दुसऱ्या तारेवरून प्रेक्षकांचा, छताला टांगलेल्या माइकमधून. कुठला आवाज किती वर ठेवायचा हे तिच्या बोटांना कळायचं. तिसरी एक तार होती, तिच्यावरून ती लुडीच्या कानात बोलू शकायची.

"आता फावड्याची जाहिरात. खोकून घे."

"खोकला नाहीये."

"आहे. मघापासून ऐकतेय मी."

खिडकीबाहेर बर्फ पडत असायचा आणि खाणीची लाल धूळ बसून रस्त्याकडेला गुलाबी व्हायचा. लेम्पी डोळे मिटायची. तिच्या आत एक रिंक होती. तिथे उजेड सगळीकडे सारखा असायचा, खेळायची काळी चकती बर्फावरून पाण्यासारखी वाहायची आणि पोरांना कधीच धाप लागायची नाही. लुडीनं खूपदा म्हटलं होतं, "एखाद्या शनिवारी कुणाला तरी बसव आणि ये ना." ती म्हणायची, "इथून चांगलं दिसतं."

आमच्या रिंकवर एक रीत होती. शिरस्त्राणं घातली की सगळी पोरं सारखीच दिसतात, म्हणून आपलं माणूस पाहतंय हे पोराला कळावं यासाठी प्रत्येक घराचा एक आवाज होता. पोराच्या काठीला चकती लागली की त्याच्या घरचा आवाज व्हायचा. पेरुशेकांकडे आजीनं स्लोव्हेनियातून आणलेली गायीच्या गळ्यातली घंटा होती. लाहतींचे आजोबा दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत. बेर्तोलीबाई पत्र्याच्या झाकणावर डाव आपटायच्या. दुसऱ्याचा आवाज कुणी घ्यायचा नाही. नवीन बिऱ्हाड आलं की त्यांनी आपला शोधायचा.

फक्त कार्ल हार्यूच्या घरचा आवाज नव्हता. त्याची आई वारली होती आणि शनिवारी बापाची खाणीत पाळी असायची. कार्लकडे चकती आली की रिंक एकदम गप्प व्हायची.

हे सगळं लेम्पीला वर्षानुवर्षं ऐकून ठाऊक होतं. त्याचा काही उपयोग होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. मग एका शनिवारी लुडी बोलता बोलता थांबला. रेडिओवर असं कुणी थांबत नाही. तिला पत्र्याचं झाकण ऐकू आलं आणि ती त्याच्या कानात म्हणाली, "बेर्तोली."

"बेर्तोली घेऊन निघाला!" लुडी म्हणाला. त्याचा आवाज जरासा कापला होता. तो तिनं खाली घेतला, प्रेक्षकांचा वर घेतला.

त्याबद्दल दोघं काहीच बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी तो पुन्हा थांबला. मग दर शनिवारचंच झालं. शिट्टी वाजली की ती सांगायची लाहती, घंटा वाजली की पेरुशेक, काहीच वाजलं नाही की कार्ल. लुडीची नजर अधू होत चालली होती; त्याला अंधुक रंग कळायचे, बर्फावरच्या सावल्या कळायच्या. त्यात ती नावं सोडायची आणि तो त्यांतून पूर्वीसारखा वेगवान, रंगलेला खेळ उभा करायचा. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं, शनिवारी मात्र अख्खं गाव होतं. ते जाऊ द्यायचं नाही, एवढंच लेम्पीनं मनाशी धरलं होतं.

फेब्रुवारीतल्या सामन्यात कार्लनं गोल केला आणि घंटा वाजली.

"पेरुशेक," लेम्पी म्हणाली.

"टोनी पेरुशेक!" लुडी ओरडला. "काय मारलाय! गोलरक्षक अजून शोधतोय! वाहवा टोनी!"

छताच्या माइकमधून आधी हसू आलं. आमच्याकडे रिंकवरही लोक कानाला ट्रान्झिस्टर लावून बसत. मग कुणीतरी खालून ओरडलं, "अरे लुडी, टोनीला गालगुंड झालंय! घरी पडलाय तो!"

आणि मग शांतता. कार्लच्या वेळची नव्हे, वेगळीच.

लेम्पीनं फावड्याची जाहिरात लावली. संपली तशी पुन्हा लावली.

"घंटा वाजली होती," ती तारेवर म्हणाली.

"टोनी नाहीये म्हणतात."

"सकाळच्या यादीत होता. मग वाजवली कुणी?"

"मला काय दिसतंय, लेम्पी?" तो म्हणाला. "मला गोलची जाळीसुद्धा दिसत नाही." हे तो पहिल्यांदाच बोलत होता.

तिसऱ्यांदा फावडं सुरू झालं. ते संपल्यावर लुडीनं गावाला सांगितलं, "गोल कार्ल हार्यूचा होता. मला दिसलं नाही. माफ कर, पोरा."

सोमवारी मिस्टर ओल्सन जिना चढून आले. दारातच टोपी हातात घेऊन उभे राहिले. "डुलुथ शहरात एक तरुण आहे, आवाज बरा आहे त्याचा," ते म्हणाले. "हा शनिवार लुडीला बोलू दे. मग बघू." लेम्पीनं त्यांना लुडीनं इतके दिवस कसं निभावलं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आंधळी कोशिंबीर झाली ही," आणि खाली गेले.

त्याच दिवशी मिसेस पेरुशेक आल्या. अक्रोडाची पोटित्सा, म्हणजे गोड पाव, टेबलावर आपटून म्हणाल्या, "माझ्या घंटेनं त्या माणसाच्या पोटावर पाय आला, असं बोलतायत बेकरीत."

"तुम्ही का वाजवलीत?"

"टोनीजवळ आजी होती, म्हणून मी आले. घंटा पिशवीत होती. ते पोर गोल मारतं आणि सगळे तोंडाला कुलूप लावून बसतात. राहवलं नाही मला." त्यांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. "त्याच्यासाठी कुणीच वाजवत नाही."

"माहीत आहे," लेम्पी म्हणाली. "मी त्याला तसंच ओळखायची."

मिसेस पेरुशेक म्हणाल्या, "म्हणजे त्याला आई नाही, ते तुझ्या कामाला येत होतं."

लेम्पीनं पोटित्साचे दोन तुकडे कापले. दोघींनी ते कॉफीत बुडवून खाल्ले. जाताना मिसेस पेरुशेकांनी यंत्राकडे बोट केलं. "हे सगळं ऐकू येतं इथे? आमच्यातलं कोण काय वाजवतं, ते?"

"सगळं."

"बरं," त्या म्हणाल्या. बुधवारपर्यंत हे गावभर झालं असणार, कारण आमच्याकडे त्यांना सांगितलेलं काही मागे राहत नाही.

शनिवारी मिस्टर ओल्सन खुर्ची ओढून लेम्पीच्या शेजारी बसले. सामना सुरू झाला आणि तिला आधी वाटलं, तार बिघडली. एरवीची गलबल नव्हतीच. कुणी आरडत नव्हतं, पाय आपटत नव्हतं. त्या निवांतपणात स्केट्सची करकर येत होती आणि मग एकटीच शिट्टी, स्वच्छ. लाहती. ती थांबल्यावर झाकण. बेर्तोली. घरामागून घर आपापला आवाज देत होतं, दुसऱ्याचा होईपर्यंत थांबत होतं. अख्खं गाव तिच्यासाठी हळू बोलत होतं. तिच्या मिटल्या डोळ्यांत रिंक इतकी उजळ कधीच झाली नव्हती. नावं तिच्या तोंडून लुडीच्या कानात जात होती आणि खिडकीखालच्या गुलाबी रस्त्यावर घराघरातल्या रेडिओंतून बाहेर येत होती.

शेवटच्या मिनिटांत एक आवाज आला, जो तिनं कधीच ऐकला नव्हता. पोकळ, टिनाचा, थोडा लाजल्यासारखा. कुणीतरी खाणीतला जेवणाचा डबा चमच्यानं वाजवत होतं.

लुडी थांबला. मिस्टर ओल्सननी तिच्याकडे पाहिलं.

कुणाचा डबा, बापानं पाळी बदलून घेतली की मिसेस पेरुशेकांनी तो मागून आणला, हे तिला नंतर कळायचं होतं. आत्ता तिला एवढंच कळत होतं की गावात आवाज नसलेलं घर एकच होतं.

"कार्ल," ती म्हणाली.

"कार्ल हार्यू!" लुडी ओरडला, आणि त्यावर आलेला कल्लोळ एवढा होता की तिला तो खाली घ्यावा लागला. मिस्टर ओल्सन केव्हा उठून गेले ते तिला समजलं नाही. डुलुथच्या तरुणाचं नाव मग कुणी काढलं नाही.