मल्लूची नामंजूर पोस्ट

मी, नामदेव धोंडिबा माने, वय ७८ वर्षे, शिक्षण इयत्ता चौथी पास, टॉवेल कारखान्यातील निवृत्त तपासनीस, राहणार सोलापूर, आमच्या गल्लीच्या ग्रुपचा ॲडमिन, सत्य तेच लिहितो की,

माझा मित्र मल्लिनाथ याने मला साक्षीला बोलावले होते आणि मी गेलो नाही.

आज त्याला जाऊन एक वर्ष झाले.

मल्लूचे चौकात सायकल दुरुस्तीचे दुकान होते. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि शिव्या दोन्हींत. शिवीवाचून त्याचे वाक्य सुरूच होत नसे. मी त्याला पन्नास वर्षे टोकले.

"तू टॉवेल तपास की. माझं तोंड कशाला तपासतोस?" असे तो म्हणे.

ग्रुप निघाला तेव्हा ॲडमिन मलाच केले. माझे मराठी नीटनेटके आणि मला वेळही होता.

नियम मी घातला. मत कोणतेही मांडावे. पाणी पाच दिवसांनी का येते, हे विचारावे. नगरसेवकाविरुद्ध लिहावे, माझ्याविरुद्धही लिहावे. शिवी मात्र चालणार नाही. प्रत्येक पोस्ट मी वाचल्यावरच अप्रूव्ह होईल.

या नियमाचा मला अभिमान होता. हे कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी एक पोस्ट आली. "सर्व पालकांना नम्र विनंती" अशी तिची सुरुवात होती. शहरात मुले पळविणारी टोळी आली आहे, कृपया सावध राहावे, असा मजकूर. सोबत फोटो. खांद्यावर पोते घेतलेला एक इसम लहान मुलाला फुगा देत आहे.

एकही अपशब्द नव्हता. शेवटी "आपला नम्र" असे होते.

मी अप्रूव्ह केली. फोटो मोठा करून पाहिला नाही.

फोटोतील इसम यल्लप्पा होता. बायकांचे विंचरताना गळलेले केस घेऊन त्याबदल्यात मुलांना फुगे, कधी एखादी वाटी देणारा. माझी पत्नी हयात असताना केसांचा गुंता खिडकीतल्या डब्यात जमवून ठेवीत असे, तो यल्लप्पासाठीच. माझ्या ओट्यावर बसून त्याने चहा घेतलेला आहे.

अर्ध्या तासाने मल्लूची पोस्ट आली.

पहिलाच शब्द शिवी.

मी तेथेच थांबलो. डिक्लाइन केली आणि कारण लिहिले: "असभ्य शब्द वगळून पुन्हा पाठवावी."

मल्लू एका बोटाने टाइप करीत असे. त्याने पुन्हा पाठवली नाही. शटर अर्धे ओढून तो मागच्या गल्लीकडे गेला. तेथे लोकांनी यल्लप्पाला घेरले होते. मल्लू मध्ये पडला.

यल्लप्पाचा हात मोडला. मल्लूच्या कपाळाला चार टाके पडले, चष्मा गेला. पोत्यातले केस रस्ताभर झाले होते. त्यात आमच्याच घराघरांतले केस होते.

मी टोळीची ती पोस्ट ग्रुपवरून काढली, तोवर ती इतर ग्रुपवर फिरत होती. तेथे ती कंपनीकडे रिपोर्ट केली. नियमभंग आढळला नाही, असे उत्तर आले.

मी त्यांना काय बोलणार? सकाळी मलाही आढळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मल्लू घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधीत होता. वर न पाहता म्हणाला,

"नाम्या, पुरतं वाचलं हुतंस का रं?"

मी म्हणालो, नियम सर्वांना सारखा. शिवी दिसल्यावर पुढे वाचण्याचे कारण नव्हते.

त्याने ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. शिवीसुद्धा दिली नाही.

चहा पूर्वीसारखाच पाजीत राहिला. ग्रुपवर मात्र एक अक्षर लिहिले नाही. पुढे काय लिहिले होते, ते त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

आता ग्रुपमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, ॲडमिनने काहीही अडवू नये. दुसरा म्हणतो, ग्रुपच बंद करा. दोन्हीकडचे लोक माझ्या दारात येतात. आता मी शेवटच्या शब्दापर्यंत वाचतो, फोटो मोठा करून पाहतो. दिवसाला चार-पाच पोस्टच्या पुढे डोळे चालत नाहीत. उशीर झाला म्हणून लोक रागावतात.

थकलो आहे.

गेल्या आठवड्यात मल्लूची सून महादेवी पुण्यस्मरणाच्या फलकासाठी त्याच्या फोनमध्ये फोटो शोधीत होती. तिला त्याची ती नामंजूर पोस्ट सापडली. फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "काका, हे तुमच्याकडंच आलतं की."

तेव्हा मी ती प्रथमच पूर्ण वाचली. येथे जशीच्या तशी देतो.

"आरं भडव्यांनो, त्यो यल्लप्पा हाय. केसावर फुगे देतो. वीस वर्सं हितं येतोय. तुमच्या आयांनी केस दिल्यात त्याला. पोरं कशाला पळवंल, त्याला सोताचीच चार हायत. कुणी हात लावू नका. माझ्या दुकानात आणून बसवा, मी च्या पाजतो. माझ्यावर इस्वास नसंल तर नाम्या मान्याला इचारा. त्यो खोटं बोलत न्हाय."

आज सकाळी महादेवीने ही पोस्ट त्याच्या फोनवरून पुन्हा पाठवली आणि मी ती ग्रुपवर मंजूर केली. पहिल्या शब्दासकट.

मल्लू, तू मला विचारायला सांगितले होतेस. होय, मी यल्लप्पाला ओळखतो. तो आमच्या घरी येत असे.

तुला माझा अखेरचा नमस्कार.

हे लिहून वाचून दाखविले तेव्हा हजर असलेले साक्षीदार:

१. सौ. महादेवी, मल्लिनाथची सून.

२. यल्लप्पा, फोनवर. त्यांनी सर्व ऐकून घेतले. गल्लीत येण्यास नकार दिला.