मानोलच्या सदऱ्यांची सतरंजी
डोंगरातल्या त्या गावात कुणी वारलं की आधी चर्चची घंटा वाजायची, आणि मग काही दिवसांनी फिदानाचा माग. गेलेल्यांच्या जुन्या कपड्यांच्या लांब पट्ट्या कातरून ती त्यांच्या सतरंज्या विणायची. तिच्या हातून गावातल्या कितीतरी बापांचे सदरे आणि आयांची लुगडी घरोघरच्या जमिनीवर येऊन निजली होती.

मात्र रीत ठरलेली होती. गेलेल्याचे धड कपडे चाळिसाव्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढवायचे. इथे कुणी ते घातले, तरच तिकडे त्याचं अंग झाकलं जातं. फाटकंतुटकं उरेल ते फिदानाकडे.

मानोलची बायको केरा गाठोडं घेऊन आली तेव्हा त्याचा चाळिसावा व्हायचा होता.

"धड होते ते बाजूला काढलेत, मावशी. हे उरलेलं."

फिदानाने तपकिरी लोकरी कोट चाचपला. कोपरं शाबूत होती. सदऱ्यांच्या कॉलरीही विटल्या नव्हत्या. तिच्या बोटांना सगळं कळलं, पण केराचा उतरलेला चेहरा पाहून तिने विचारायचं टाळलं. तिने कात्री घेतली.

सतरंजी अर्धी झाली होती तेव्हा मानोलची थोरली बहीण, वेलिका, दारात उभी राहिली. मागावरचा तपकिरी पट्टा तिने लांबूनच ओळखला.

"फिदाना, तू म्हातारी झालीस की वेडी? शनिवारी चाळिसावा. भाऊ माझा उघडा उभा राहील तिकडे."

केरा मागोमाग धावत आली होती. "वन्सं, मावशींना बोलू नका. मीच खोटं बोलले. त्याचा कोट दुसऱ्याच्या अंगावर मला बघवणार नव्हता. पलंगाशी अंथरणार होते. सकाळी उठले की पहिला पाय त्याच्यावरच पडला असता."

"जिता होता तोवर त्याच्या डोक्यावर बसलीस, आता त्याला पायाखाली घेतेस होय?"

केरा भिंतीला टेकली. वेलिका पदराने नाक पुसत राहिली.

कातरलेलं कापड परत जोडता येत नाही, हे फिदानाला जन्मभर ठाऊक होतं. तिने विणलेलं सगळं उसवलं. पट्ट्या अजून बारीक कातरल्या, उभा ताणा दाट लावला आणि आडवा बाणा असा ठोकला की कापड रगासारखं घट्ट झालं. त्यातून तिने एक बिनबाह्यांची बंडी बेतली. पाठीला कोटाचा तपकिरी, पुढे सदऱ्यांचा निळा. आतून अस्तर.

"ह्याला कपडाच म्हणायचं ना गं, वेलिका?"

वेलिकाने शिवण उलटसुलट पाहिली. "बटणं नीट लाव. त्याला थंडी सोसायची नाही."

शनिवारी थडग्याशी उकडलेले गहू वाटून झाले. बंडी शेळ्या राखणाऱ्या स्तोईलला द्यायची ठरली होती. अंगाने तो मानोलएवढाच. देणं बायकोच्याच हातून व्हायला हवं. केराने बंडी पुढे केली, स्तोईलने दुसरं टोक धरलं, पण केराची मूठ काही सुटेना. सगळे खाली बघत राहिले. आपण तेव्हाच विचारलं असतं तर पोरीवर ही वेळ आली नसती, असं फिदानाला वाटलं.

"वहिनी," स्तोईल हळूच म्हणाला, "सोडा आता. नाहीतर मलाही घरी न्यावं लागेल, आणि मी खातो फार."

केराला हसू आलं, आणि हसताहसता रडू. मूठ सैल झाली.

"देव त्याला क्षमा करो," स्तोईल म्हणाला आणि त्याने बंडी अंगात घातली.

दुसऱ्या दिवशी शेळ्यांच्या घंटा वाजत आल्या तेव्हा केरा फाटकाशी उभी होती. समोरच्या खिडकीतून फिदानाला तिचं बोलणं ऐकू आलं.

"काट्याकुट्यांत बसायचं नाही ती घालून."

"मग शेळ्या काय तुम्ही राखणार, वहिनी?"

"आणि वरचं बटण लाव. वारा आहे."

त्याने बटण लावलं. तो वळणाआड जाईपर्यंत केरा त्या तपकिरी पाठीकडे बघत राहिली.