टाकीवरची सोनेरी रेघ

अंगणातल्या दोरीवर माझा रेनकोट वाळतो आहे आणि त्याच्या पॅन्टच्या दोन्ही गुडघ्यांवर, आतल्या बाजूला, सोनेरी डाग पडले आहेत. भाद्रपदातलं ऊन मोठं लहरी, घटकाभर येतं आणि जातं. पण तेवढ्या घटकेत ते डाग चांगले चमकून घेतात. मघाशी शेजारीण कुंपणापलीकडून हळहळली, "नवा कोरा रेनकोट गो, घासलास तरी डाग निघायचा नाय आता." मी नुसती हसले. घरात गणपती बसले आहेत, स्वयंपाकघरातून उकडीचा आणि हळदीच्या पानांचा वास येतो आहे, आणि दरवर्षीप्रमाणे माझ्या गुडघ्यांना सोनं लागलं आहे. असल्या खराबीसाठी कुणी नवस बोललं तरी मला आश्चर्य वाटायचं नाही.

माझं माहेर पेणचं, सासर रोह्याचं. माहेरी गणपतीचा कारखाना. शाडूच्या ओल्या वासात आणि रंगांच्या वाट्यांमध्येच आम्ही भावंडं वाढलो. माझ्याकडे काम होतं आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे आणि भुवया रेखायचं. एका वर्षी रोह्याचे एक गृहस्थ आपली मूर्ती न्यायला मोटरसायकलवरून आले आणि मूर्ती राहिली बाजूला, माझ्या कुंचल्याकडेच बघत उभे राहिले. जाताना वडिलांना त्यांनी एवढंच विचारलं, "हात कुणाचा?" दिवाळीनंतर ते पुन्हा आले, तेव्हा सोबत बायको होती आणि मुलगा होता. लोक मुलगी बघायला येतात. माझे सासरे आधी रेघ बघून गेले होते. मला या गोष्टीचा तेव्हाही अभिमान वाटला आणि अजूनही वाटतो.

लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीला मी सासऱ्यांच्या मागे त्या मोटरसायकलवर बसून पेणहून रोह्याला आले. मूर्ती घरी आणताना तिचं तोंड आणणाऱ्याकडे ठेवायचं आणि वर रुमाल झाकायचा, ही आपली रीत. त्यामुळे मांडीवर पाट, पाटावर बाप्पा, आणि रेशमी रुमालाआडून मीच रेखलेले डोळे साऱ्या वाटेवर माझ्याकडे बघत होते. आपण केलेल्या कामासमोर इतका वेळ निमूट बसायची वेळ माझ्यावर त्याआधी आली नव्हती. डावी भुवई किंचित जाड झाली आहे हे मला नागोठण्याला पोचेस्तोवर पक्कं कळून चुकलं. सासरे प्रत्येक खड्ड्याच्या आधी मान न वळवता विचारायचे, "पोरी, धरलायस ना नीट?" पुढे कितीतरी वर्षं हे असंच चाललं. कुंडलिकेच्या काठच्या मैदानात त्यांनीच मला ती गाडी शिकवली. बायकांनी गियरची गाडी चालवू नये असं सांगायला आलेल्या एका शहाण्याला त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं. मला मात्र ते पुन्हा पुन्हा बजावायचे, "पाणी आलं तर थांबायचं नाय. अर्धा क्लच धरायचा, आवाज पडू द्यायचा नाय, आन् निघायचं."

सासरे गेले आणि गाडी पडवीत प्लॅस्टिकखाली उभी राहिली. गणपती कुणाच्या ना कुणाच्या गाडीतून येऊ लागले, काचा बंद करून, सुरक्षित, आणि माझ्या मते अगदी बेचव. मग एक दिवस आमचे हे धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आले आणि पडवीतल्या अडगळीला अडखळून म्हणाले, "गो, ही आता भंगारात देऊया." यांचा स्वभाव सरळ उपयोगाचा. वस्तू चालते तर ठेवा, नाहीतर काढा. मी म्हटलं, चालती करते, आणि देखणीही करते. तेव्हा यांनी अट घातली: या वर्षी हीच गाडी पेणला जाऊन बाप्पाला घरी घेऊन आली, वाटेत एकदाही ढकलावी लागली नाही, तर ती घरात राहील. बंद पडली तर दिवाळीच्या साफसफाईत जाईल. मी हो म्हटलं. म्हटलं खरं, पण रात्री उठून पडवीत गेले आणि प्लॅस्टिक वर करून गाडी एकदा बघून आले. ती गाडी गेली असती तर सासऱ्यांचं म्हणावं असं त्या घरात दुसरं काही चालतंफिरतं उरलंच नसतं.

स्टेशनजवळच्या गॅरेजवाल्या भाईंनी बरीच वर्षं आखातात गाड्या दुरुस्त केल्या आणि आता गावी परतून तेच काम मांडलं आहे. मी त्यांना मोबाइलवर एक चित्र दाखवलं. बुटकी सीट, खाली झुकलेलं हँडल, मागच्या चाकावर जवळजवळ काहीच नाही. गाडी कशी उडी मारायच्या बेतात असल्यासारखी. आमच्या गाडीला सासऱ्यांनी काय काय जोडून ठेवलं होतं! मागे कॅरिअर, बाजूला पेटी, पुढच्या गार्डाला गुंडाळलेला काथ्या, पिशवीसाठी आकडा, साडीगार्ड, जमिनीला टेकेल असा मडगार्डाचा रबर. गाडी कमी आणि संसार जास्त. मला तो सगळा पसारा उतरवून तिची मूळची अंगकाठी मोकळी करायची होती. भाईंनी चित्र नीट बघितलं आणि म्हणाले, "वैनी, गाडी झ्याक हाय. पन ही एकट्या मानसाची गाडी हाय." मग त्यांनी आमच्या यांना मागे बसवलं, त्यांच्या मांडीवर ऑइलचा भरलेला कॅन ठेवला आणि मला पुढे बसायला लावलं. "आता ह्यो कॅन म्हंजे तुमचा बाप्पा समजा." सीटवर त्या चित्राएवढी खूण करून ठेवली होती. त्या खुणेच्या आत आम्ही तिघं, मी, कॅन आणि हे, मावेनाच. कॅन माझ्या पाठीत रुतला आणि हे मागच्या दिव्यावर टेकले. लांब सीट राहिली. मी तिला नवं, चपटं, विटकरी रेक्झिन चढवून घेतलं आणि शिवण माझ्या पसंतीची घालून घेतली.

पण मागचा मडगार्ड मी हट्टाने काढून घेतलाच. काय सुरेख दिसत होती गाडी! त्याच डौलात निडी गावापर्यंत चक्कर मारून आले. रस्ता ओला होता. दारात उतरले तेव्हा सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या हसायलाच लागल्या. "पाठीवर शेत घेऊन आलीस काय गो?" वेणीपासून खालपर्यंत चिखल होता. मडगार्ड परत आला. आणि हसून झाल्यावर त्या गाडीकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, "माझे पाय कुठं ठेवायचे आता?" मी पहिल्याच दिवशी साडीगार्ड काढला होता. त्याच्या खालच्या पट्टीवर पाय ठेवून, एका बाजूला बसून, ही बाई माहेरी गेली होती, लग्नांना गेली होती, दवाखान्यात गेली होती. मला फार वाईट वाटलं. साडीगार्ड काळा करून जागच्या जागी बसवला. खरं सांगते, काळ्या रंगात तो शोभलाही. कॅरिअर, पेटी आणि तो काथ्या मात्र मी परत येऊ दिला नाही, आणि त्यांच्याविना गाडी दहा वर्षांनी तरुण दिसू लागली.

उरली पेट्रोलची टाकी. भाईंनी ती काळीभोर, आरशासारखी करून दिली. हे म्हणाले, तयार स्टिकर मिळतात, पाच-सात वर्षं बघायला नको. माझ्या अंगावर काटा आला. इतकं सगळं मी सोडलं होतं, टाकी सोडणार नव्हते. माहेरून आखणीचा कुंचला आणि सोनेरी रंगाची वाटी आणली आणि टाकीच्या दोन्ही अंगांना एकेक रेघ ओढली. हँडलाकडे भरलेली आणि सीटकडे येताना निमुळती होत नाहीशी होणारी, भुवईच्या वळणाची. श्वास रोखून, एका झटक्यात. भाई बघत होते. "वैनी, ह्याला पानी चालंल?" त्यांनी विचारलं. मूर्तीचा रंग पाण्यात जाण्यासाठीच असतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण त्या क्षणी रेघ इतकी साधली होती की मला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

पेणला जाताना कोरडं होतं. कारखान्यात भावाने मूर्ती दिली, रुमालावरून प्लॅस्टिक नीट बांधलं. हे मागे बसले, मांडीवर पाट, पाटावर बाप्पा, तोंड यांच्याकडे. रामवाडीला पेट्रोल भरलं आणि निघालो. गडबच्या पुढे आभाळ फाटलं. कासूजवळ रस्ता आणि शेत यांत काही फरक उरला नव्हता. समोरची रिक्षा पाण्यात फुरफुरून थांबली आणि आमच्याही इंजिनाचा आवाज घोगरा झाला. मागून हे म्हणाले, "थांब गो, बंद पडंल." मी थांबले नाही. अर्धा क्लच धरला, आवाज पडू दिला नाही, गुडघ्यांनी टाकी घट्ट आवळली आणि निघाले. सासरेच विचारताहेत की काय असं वाटलं, म्हणून मीच मोठ्याने ओरडले, "धरलाय ना नीट?" यांचं उत्तर आलं, "धरलाय, धरलाय, तू बघ पुढं." पाणी मागे पडलं. इंजिनाने एकदा खाकरल्यासारखं केलं आणि ते आपल्या जुन्या ठेक्यावर आलं. भिसे खिंड चढताना मी चक्क आरती म्हणत होते, आणि मागून टाळ्यांची सोय नसल्यामुळे हे नुसत्या तोंडाने ठेका धरत होते.

दारात सासूबाई तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी यांच्या पायांवर पाणी घातलं, बाप्पावरून तुकडा ओवाळला, आणि तांब्यात उरलेलं पाणी गाडीच्या पुढच्या चाकावर ओतलं. गाडी राहिली.

संध्याकाळी बघते तर टाकी काळीभोर, रेघ नाही, आणि ती सगळी माझ्या गुडघ्यांवर. हे म्हणाले, पुढच्या वेळी वरून लॅकर मारून घे, म्हणजे कायमची राहील. मी नको म्हटलं. आमच्या कारखान्यात रंग पाण्यात गेला म्हणून कधी कुणी रडलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा कुंचला धरायचा असतो, एवढंच. सीट, मडगार्ड, साडीगार्ड, सगळं सासऱ्यांचं, टिकाऊ, आणि ते मी टिकवलं याचं मला समाधान आहे. पण त्यांनी मला पसंत केलं होतं ते रेघेसाठी. ती मी एकदाच मारून मोकळी कशी होऊ?

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सासूबाई अजून त्या पट्टीवर पाय ठेवून देवळात जातात. आणि श्रावण संपत आला की एक सकाळ अशी येते, की आमचे हे, उपयोगाशिवाय एक खिळासुद्धा न ठोकणारे, कुणी न सांगता गाडी पडवीत घेतात, टाकी कोरडी पुसतात, सोनेरी रंगाची वाटी शेजारी ठेवतात आणि मला हाक मारतात, "ये गो. रेघ मारल्याबिगर गाडी बाहेर काढायची नाय."