बासष्ट मार्कांचं दुखणं

हौसरावांनी तांबडं बटण दाबलं ते निव्वळ कुतूहलापोटी, असं ते पुढे बरीच वर्षं सांगत. कुतूहल होतंही, पण त्याच्या बुडाशी जे जळत होतं त्याचा धूर सबंध मांडवगण फराटा गावाला दिसत होता.

पुण्याहून संशोधनाला माणसं आली होती. वर्षानुवर्षं इंग्रजी शिकूनही ज्यांना ते साधत नाही, त्यांचं शिक्षण नेमकं कुठं अडतं हे शोधायला. त्यांतले एक सर शाळेत मुलांपाशी बसले आणि ललिताबाई टेपरेकॉर्डर घेऊन गावच्या शेतकी सोसायटीच्या कचेरीत आल्या, कारण वीजही तिथंच होती आणि चांगदेवही तिथंच होता.

चांगदेव सोसायटीचा शिपाई. बाकी विषय केव्हाच सुटले, पण मॅट्रिकच्या इंग्रजीत अकरा वेळा नापास. मार्च आला की फॉर्म, ऑक्टोबर आला की फॉर्म. शिरूरचं केंद्र लाभत नाही असं कुणीतरी म्हणालं, म्हणून त्यानं एकदा दौंडला पेपर दिला. दौंडलाही शिरूरइतकेच पडले, सत्तावीस. इतका चोख माणूस सोसायटीत दुसरा नव्हता.

हौसराव तिथले सेक्रेटरी आणि चांगदेवाच्याच वर्गातले. पहिल्या फटक्यात मॅट्रिक, इंग्रजीत बासष्ट. ती मार्कलिस्ट काच लावून त्यांच्या खुर्चीमागं टांगलेली असे. उदबत्ती गणपतीला लावली तरी धूर तिलाही जावा अशा बेतानं. शाळेत चांगदेव त्यांना हौश्या म्हणायचा. पुढे तो शिपाई झाला, हे सेक्रेटरी झाले, आणि हौश्याचा भाऊसाहेब झाला.

इंग्रजीच्या बाई येणार म्हटल्यावर हौसरावांनी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करून घेतली. दोन इंग्रजी वाक्यं घोकूनही ठेवली. बाई आल्या, नमस्कार झाला, आणि त्यांनी विचारलं, चांगदेव कोण? हौसरावांनी बोट दाखवलं ते चांगदेवाकडे नव्हे, काचेकडे. बाईंनी मार्कलिस्ट नीट वाचली, छान म्हणाल्या, आणि मग अगदी गोड आवाजात सांगितलं की तुम्ही पास झालात ना, मग आमच्या यादीत तुम्ही बसत नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच हौसराव पास झाल्यामुळे नापास झाले होते.

पुढचा दीड तास त्यांना फार जड गेला. पाहुण्यांची म्हणून राखलेली हाताची खुर्ची चांगदेवाला मिळाली. बाई त्याला 'अहो चांगदेव' म्हणत होत्या. चहा आणायचा तो शिपाईच मुलाखतीत गुंतलेला, म्हणून चहा सेक्रेटरींनी आणला. बाहेर आल्यावर ते खिडकीवरून चार वेळा गेले; दर वेळी आतून हसण्याचा आवाज आला, आणि बाई भराभर लिहून घेताना दिसल्या.

दुपारी बाई पाटलांकडे जेवायला गेल्या, चांगदेव हंडा घेऊन पाण्याला गेला. कचेरीत उरले हौसराव आणि ते मशीन. सत्तावीस मार्कांचा माणूस दीड तास बोलतो तरी काय, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. त्यांनी फीत उलटी फिरवून घेतली आणि एक बटण दाबलं. मघाशी बाईंनी दोन बटणं एकदम दाबलेली पाहिली होती, म्हणून त्याच्याबरोबरच तांबडंही दाबलं. चाकं फिरू लागली, आवाज मात्र येईना. हौसराव कान लावून वाट बघत राहिले. आणि एकटे असले की हौसराव मोठ्यानं बोलत. ही खोड घरात मंडळींना ठाऊक होती, मशिनला नव्हती.

जेवून आल्यावर बाईंनी तपासणीसाठी फीत लावली. आतून आधी खाकरणं आलं, मग एक शेळी ओरडली, आणि मग स्वच्छ, खणखणीत आवाज आला :

"अकरा वेळा नापास झालेल्याला हाताची खुर्ची, आन् बासष्टवाला चहाची किटली घिऊन हिंडतोय. ह्यो नापास झाला म्हून मोठा व्हय? मंग आमी कशाला रात रात घोकलं?"

पाणी घेऊन नुकताच आलेला चांगदेव हातातला हंडा खाली ठेवायचा विसरला.

बाई रागावल्या नाहीत, हेच हौसरावांना जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या की सुरुवातीचा अर्धा तास पुसला गेलाय, आणि चारची एसटी गाठायचीय. चांगदेव पुन्हा सांगायला बसला. माइक धरायला कुणीतरी हवं होतं. हौसरावांनी तो मुकाट्यानं हातात घेतला.

असं त्यांना सगळं ऐकायला मिळालं. पहिल्याच खेपेला आगगाडीच्या प्रवासावर निबंध आला होता, चांगदेव सांगत होता. सगळ्यांनी गाइडातला लिहिला. त्यानं स्वतःचा लिहिला, मोडक्यातोडक्या इंग्रजीत : आजारी आईला घेऊन पुण्याला निघालो. दौंडला इंजिन पाणी प्यायलं. आम्हालाही तहान लागली होती, पण गाडी सुटंल म्हणून खाली उतरलो नाही. आई म्हणाली, इंजिनाचं बरं हाय, त्याला सोडून कुणी जात न्हाई.

त्याला वीसपैकी तीन मार्क मिळाले.

बाईंनी लिहिणं थांबवलं आणि सहज हौसरावांना विचारलं की तुम्ही काय लिहिलं होतं. हौसराव माइक हातात धरूनच ताठ उभे राहिले आणि त्यांनी गाइडातला निबंध इंग्रजीत म्हणायला सुरुवात केली. चौथ्या वाक्यावर अडकले. पुन्हा पहिल्यापासून म्हटला, पुन्हा चौथ्यावरच अडकले. ते वाक्य कशाबद्दल होतं हे त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं. बाईंनी मान हलवली, पण वहीत काही लिहिलं नाही.

चारची एसटी धुरळा उडवून गेली. दोघं कचेरीच्या पायरीवर बसले. चांगदेवानं तंबाखू मळली आणि निम्मी पुढे केली. राग असलाच तर तो चुन्यात मळून गेला असावा. हौसरावांनी चिमूट घेतली, पण तोंडात टाकली नाही.

"चांगदेवा," ते हळूच म्हणाले, "बाई पुढल्या साली परत येणार हाईत म्हनं. मी बी भरू का आक्टूबरला फॉर्म? एकदा नापास झालो, म्हंजी यादीत बसन."

चांगदेवानं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"तुमाला न्हाई जमायचं, भाऊसाहेब, नापास व्हायला मनातलं लिवावं लागतं."