जाळा दमलाय

मैदानावर आले की ते आधी कुणाशी बोलत नसत. सरळ व्हॉलीबॉलच्या नेटपाशी जात, दुकानात लुगड्याचा पोत बघावा तसं नेट दोन बोटांत धरत आणि म्हणत, "जाळा दमलाय."

मग आमच्याकडे वळून हसत. त्यांच्या लेखी नेट दमायचं, चेंडू दमायचा, पावसात ढासळलेला मैदानाचा दगडी गडगा दमायचा. कोल्हापूरची एस.टी. पालीला बंद पडली, तर तीही दमलेली. फाटलं, मोडलं, चुकलं असले शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना भाबडी म्हणतो आणि पुढे जातो.

ते मिरकरवाड्यातले, खाली बंदरालगतच्या वस्तीतले. बरीच वर्षं दुसऱ्याच्या होडीवर तांडेल होते, होडीची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. उजवा खांदा गेल्यावर समुद्र सुटला आणि ते बंदरावर बसून जाळी दुरुस्त करू लागले. पण तांडेल हे नाव राहिलं. मीही तेच ठेवतो.

आमची ओळख झाली ती चौऱ्याऐंशीच्या सुमारास, आमच्या मुलींमुळे. माझी वैशाली तेव्हा आठवीत होती. एक दिवस तिनं सांगितलं, तिला मुलींच्या व्हॉलीबॉल क्लबात घेतलंय. मला वाटलं, बरं झालं, रविवारी तासभर उड्या मारेल. आठवडाभरातच उलगडा झाला. रोज संध्याकाळी सराव. मुलीबरोबर घरचं माणूस हवं. सुट्टीत स्पर्धा, कधी चिपळूण, कधी सांगली. मी मिरजोळ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. दिवसभर नटबोल्ट मोजून घरी यायचं आणि चपला न काढता तसंच मैदानावर जायचं. मुलगी खेळायला लागली आणि दमायला मी.

पहिल्या दिवशी गडग्यापाशी ताटकळत उभा होतो, तर तांडेल म्हणाले, "बसा वो. तुमी उभं ऱ्हायल्यानं चेंडू पडाचा थांबनार नाय."

मी बसलो. पुढची दोन वर्षं आम्ही त्याच जागी बसत होतो. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी मला सगळं शिकवलं, तेही मासेमारीच्या भाषेत. तीन हातांत चेंडू पलीकडे गेला पाहिजे. उंच उडून चेंडू मारते ती स्मॅशर, टाळ्या तिला. पण तिच्यासाठी चेंडू वर उचलून ठेवते ती लिफ्टर. "तांडेल म्हना की तिला," ते म्हणाले. "मासा पकडताना दिसत नाय, पन होडी तीच नेते."

त्यांची सुगंधा लिफ्टर होती. माझी वैशालीही लिफ्टरच होती. एवढं सांगितलं म्हणजे पुढचं तुमच्या ध्यानात आलं असेल.

क्लबाचं नेट जुनं होतं. दर शनिवारी तांडेल लाकडी सुई घेऊन येत आणि तुटलेले फासे विणून देत. मात्र त्यांनी नेट बांधलं की मधोमध झोळ पडे. आमचे सर, एका शाळेतले ड्रिलमास्तर, चिडत. "तांडेल, नेट तट्ट पाहिजे, तट्ट!"

"तट्ट जाळा कसला वो सर? आलेला मासा आपटून परत जाईल. जाळ्याला झोळ नको?"

"आपण मासे नाही धरत इथे."

"बरा," तांडेल म्हणत आणि दोरी बोटभर ओढत. दुसऱ्या दिवशी झोळ असेच. शेवटी सर दमले.

झोळामागची गंमत मला उशिरा कळली. चेंडू नेटमध्ये गेला की बाकीच्या मुली हात सोडून देत. सुगंधा गुडघ्यावर जाई, झोळातून खाली घरंगळणारा चेंडू बोटांवर घेई आणि पुन्हा वर उचलून देई. त्यांच्या अंगणात दोन माडांमध्ये जुनं जाळं टांगलेलं होतं म्हणे. बाप चेंडू जाळ्यात टाकायचा आणि लेक काढायची. "जाळ्यात गेला म्हनजे मेला नाय," ते मला म्हणाले होते. "जिता असतो बराच वेळ."

वैशाली नेमकी होती, मेहनती होती. पण दोघी शेजारी उभ्या राहिल्या की माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं, कोण सरस आहे. मला ते आवडत नव्हतं. मीच कधी चेंडूला हात लावला नव्हता, आणि तरी छातीत काहीतरी खुपत होतं. तुम्हाला मुलं असतील तर हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या दिवसांत कोल्हापूरच्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. जीपमध्ये आठच मुली मावत होत्या. आठांत लिफ्टर एक. कोल्हापुरात जी खेळेल तिला मोठ्या संघात घेतील, अशी बोलवा होती. तांडेल एरवी काही मागणारे नव्हते, पण तेव्हा म्हणाले, "पोर एकदा कोल्हापूर बघून आली ना, की तिच्या आयशीलाही पटंल. मंग टोपली जरा उशिरा येईल तिच्या डोक्यावर." सुगंधाची आई मासे विकायची आणि मुलीनं आता बाजारात यावं असं तिला वाटत होतं.

निवड रविवारी संध्याकाळी होती. शनिवारी तांडेल आणि सुगंधा सरावाला आले नाहीत, त्यांच्या घरी पालखी यायची होती. नेमकं त्याच दिवशी सरांना कळलं की रविवारी संध्याकाळी मैदान सभेला दिलंय. निवड सकाळी सातला ठरली. दहाच्या एस.टी.नं एक मास्तर कोल्हापूरला जाणार होते, त्यांच्याबरोबर यादी जायची होती.

सर मला म्हणाले, "तांडेलांना तेवढा निरोप द्या. विसरू नका."

"देतो," मी म्हणालो.

घरी आलो. कारखान्यात त्या दिवशी मालाची मोजणी होती, पाय भरून आले होते. मिरकरवाड्यापर्यंत उतरायचं, पालखीच्या गर्दीत त्यांना शोधायचं आणि पुन्हा चढ चढून यायचं. चहा घेतला. जरा टेकतो आणि निघतो असं म्हटलं. मग वाटलं, पहाटे जाऊ. पहाटे वैशालीला उठवलं, तिचा डबा भरला आणि आम्ही थेट मैदानावर गेलो.

सात वाजून गेले. सरांनी दोनदा रस्त्याकडे पाहिलं. "निरोप दिला होतात ना?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मी आजही सांगू शकत नाही. सरांनी ती हो धरली. आठ नावांत वैशालीचं नाव आलं.

त्या दिवशी संध्याकाळी तांडेल आणि सुगंधा वेळेवर मैदानावर आले होते. तिथे सभेसाठी खुर्च्या मांडणं चाललं होतं. हे मला खुर्च्या मांडणाऱ्यानं नंतर सांगितलं.

सोमवारी तांडेल एकटेच आले आणि नेट बांधायला लागले. मी त्यांच्यापाशी गेलो. "तांडेल, शनिवारी मला निरोप द्यायचा होता. मी आलोच नाही खाली."

त्यांनी नेट दोन बोटांत धरलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दमला असाल."

"मी सरांना सगळं सांगतो."

"कशाला वो? यादी गेली ना." त्यांनी दोरी चांगल्या खांद्यावरून घेतली आणि जोर लावून ओढली. त्या दिवशी नेट पहिल्यांदाच तट्ट बांधलं गेलं. सर खूश झाले.

कोल्हापुरात आमचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. परतताना वैशाली माझ्याबरोबर एस.टी.नं आली; घाटात खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "बाबा, सुगंधाला निरोप गेलाच नव्हता ना?" मी झोपेचं सोंग घेतलं. दहावीचं निमित्त करून तिनं खेळ सोडला. सुगंधा मैदानावर पुन्हा दिसली नाही. दिसली ती बाजारात, आईशेजारी. मी त्या बाजूनं मासे घेणं बंद केलं.

तांडेल मात्र शनिवारी सुई घेऊन येत राहिले. एकदा मैदानावरून जाताना मी थांबलो. विचारलं, "आता तुमची मुलगी नाही, तरी येता?"

"जाळा हाय ना," ते म्हणाले. "त्याला कोन बघंल?"

ऐंशीचं दशक सरता सरता एका नारळी पौर्णिमेनंतर ते यायचे थांबले. महिनाभरानं कळलं की ते गेले. त्या रविवारी मी मिरकरवाड्यात उतरलो, आयुष्यात पहिल्यांदा. वाट विचारत विचारत गेलो तरी वीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं.

अंगणात दोन माडांमध्ये जुनं जाळं अजून टांगलेलं होतं, झोळ पडलेलं. सुगंधा बापाच्या कार्यासाठी सासरहून आलेली होती, कडेवर लहान मूल. मी कोण ते तिनं लगेच ओळखलं. वाटेत मी माफीचं बोलणं जुळवून ठेवलं होतं.

तिनं ओटीवर चटई टाकली, पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"बसा काका," ती म्हणाली. "खाली उतरून आलात. दमला असाल."