अक्कानं लिहिलेलं ‘झालं नाही’

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी टँकरच्या रांगेत होतो. ऐकलं, तरी दोन्ही घागरी भरून घेतल्या. पाणी सोडून रडत बसलो असतो तर अक्कानंच शिव्या घातल्या असत्या. त्यानंतर आजतागायत मला एका जागी बसवत नाही.

सुनंदाअक्का माझी थोरली बहीण. तेलगावची पोर, पण दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाचा अभ्यास करायला गेली. तिथला बर्फ आणि मराठवाड्याचा पाऊस यांचं काही नातं आहे का, हा तिचा प्रश्न. आई म्हणायची, “तितं यवढा बर्फ हाय अन् हितं घोटभर पाणी न्हाई, कावून गं?” अक्का म्हणायची, “त्येच तर हुडकतेय, आई.”

ध्रुवीय संशोधनाचे पुढच्या अनेक वर्षांचे मोठे प्रश्न ठरले, तेव्हा त्यांत आपला प्रश्न यावा म्हणून ती खूप भांडली होती. त्या प्रश्नांचं कुठवर आलं, हे तपासायची वेळ आली तेव्हा समितीवर तीच. मसुद्यात तिच्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, ‘प्रगतिपथावर’. नुसती सही केली असती तर काम बिनबोभाट चालू राहिलं असतं. तिनं ते खोडून लिहिलं, ‘झालं नाही’. मधली काही वर्षं बर्फाची मोजमापं घेतलीच गेली नव्हती, मालिका तुटली होती आणि त्यावाचून उत्तर देता येत नव्हतं. मी फोनवर चिडलो.

“अक्का, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतीस? प्रश्नच काढून टाकत्याल.”

“टाकू दे. झालंय म्हणून मागनं येणारे त्याच्यावर भिंत बांधत्याल, त्याचं काय?” मग एकदम विषय बदलून तिनं टँकर आला का ते विचारलं... घाबरली होती, हे मला कळलं.

त्याच आठवड्यात ती गावी आली आणि माझ्यासोबत आमच्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला बसली. आईचा शेअर तिच्या नावावर होता. आमच्याकडे अहवाल वाचणारा श्वास घ्यायला थांबला की अख्खा मांडव ओरडतो, ‘मंजूर!’ सगळ्यांचं लक्ष जेवणाच्या पंगतीकडे. उपसा सिंचनाचं काम ‘प्रगतिपथावर’ असल्याचं वाचलं गेलं, मंजूरही झालं. अक्का उठली.

“अध्यक्षसाहेब, ऊस उभ्या उभ्या वाळला. पाइप कुठवर आलाय?”

अध्यक्ष हसले. “ताई, तुमच्या बर्फाचं तरी झालं का काई?” मांडव खदखदला.

“न्हाई झालं,” अक्का म्हणाली. “तसं लिहून देऊन आलेय. आता तुमी सांगा.”

हशा थांबला. अध्यक्षांनी चष्मा पुसला, परत पुसला. शेवटी म्हणाले, “पाइप अजून आलाच न्हाई.” त्या दिवशी पंगत लई उशिरा बसली.

तिच्या प्रश्नाचा निकाल लागायच्या आतच ती गेली. याचा मला राग येतो. कुणावर, ते सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात तिची विद्यार्थिनी रेवती घरी आली. अक्काचा प्रश्न यादीतून काढलाच नव्हता! “मोजमापं कुठं तुटली ते बाईंनी स्वच्छ लिहिलं होतं, म्हणून तिथूनच सुरू करता येतंय,” ती म्हणाली. यंदा ती स्वतःच दक्षिण ध्रुवाकडे निघाली आहे. मी आनंदानं उठलो आणि सांगायला थेट अक्काच्या खोलीपर्यंत गेलो... दारातच भान आलं. रेवती मागून आली. खाटेवर आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ होती. अक्का दर मोहिमेला ती पांघरायला सोबत न्यायची.

“दादा, ही मी नेऊ?”

नाही म्हणावंसं वाटलं. वाकळीला अजून अक्काच्या डोक्याच्या तेलाचा वास आहे. घडी घालून मी ती रेवतीच्या हातात दिली.

“न्या,” म्हणालो. “फक्त धुऊ नका.”