दादानं माझे पाय धुतले

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पाळकसाहेब मंडळीतल्या काही जणांचे धुतात. नावं आधीच्या रविवारी जाहीर होतात. मग निवडलेली माणसं घरूनच टाचा घासून, नखं कापून येतात. मळके पाय पुढं करायची लाज वाटते ना! धुतलेले पाय पुन्हा धुण्यात कसली आलीय नम्रता, हे मला कधीच कळलं नाही.

यंदा माझं नाव आलं. मी खुर्चीवर बसल्यावर पाळकसाहेब म्हणाले, गुडघे फार दुखताहेत, आणि टॉवेल त्यांनी दादाच्या हातात दिला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चर्चच्या कमिटीत आहे. प्रार्थनेला उभा राहिला की स्वतःला पायाची धूळ म्हणवतो. दुसऱ्या कुणी त्याला तसं म्हणून तर बघावं!

मी म्हणून बघितलं होतं. आई अर्धांगवायूनं माझ्या घरी पडून होती, आणि याला घरोघरच्या प्रार्थनांना जायला वेळ होता, आईची कूस बदलायला नव्हता. चारचौघांत मी त्याला ढोंगी म्हणाले. त्या दिवसापासून त्यानं येणंच बंद केलं. गल्लीत कुठलीही मोटारसायकल थांबली की आई वाकड्या तोंडानं विचारायची, "त्यो आला का गं?" शेवटी तिच्यासाठी मी त्याच्या दारात जाऊन माफी मागितली. तो सोफ्यावरून उठलाही नाही. म्हणाला, "तुजी माफी मनापासून न्हाय. लई गर्व हाय तुज्यात. आदी देवापुढं नम, मग बगू."

आई वाट बघतच गेली. मातीला मात्र तो सगळ्यांच्या पुढं होता.

आणि आता तोच कमरेला कोरा टॉवेल बांधून माझ्यापुढं गुडघ्यांवर बसला. पाय धुतले, पुसले. मग माईक जवळ ओढून हुंदका देत म्हणाला, "मला क्षमा कर. सर्वांसमोर मी स्वतःला लहान करतो." मागच्या बाकांवर बायका रडायला लागल्या. कुणीतरी मोबाइल वर धरला. माईक बाजूला सारून तो हळूच पुटपुटला, "माफ केलं म्हण की. समदी बगाय लागल्यात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईच्या खाटेशी एकदा असा बसला असता, तर मीच त्याचे पाय धरले असते.

"न्हाय," मी म्हणाले. चपला घातल्या आणि घरी आले.

आता मंडळीत गर्विष्ठ मीच. माझं मन नमावं म्हणून दादाच्या घरी प्रार्थना चालते. तो डोळे मिटून, गहिवरून माझं नाव घेतो म्हणे. आईचं नाव त्या घरात अजून कुणी काढलेलं नाही.